पाच नंबरची हजेरी

दिवा राहू दे बंद. कॉम्प्युटरच्या पडद्यांचा उजेड पुरे आहे. चहा आणायचा असेल तर आत्ताच आणून ठेवा, मध्ये कोणी उठायचं नाही. परवा तुमच्यापैकीच एकाने मला विचारलं, "काका, प्रोग्रॅम नीट चालतोय ना, मग तो आकडा भरेपर्यंत वाट कशाला बघायची?" नाव घेत नाही, त्याचे कान आत्ताच लाल झालेत. त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. उत्तर लांब आहे, पण खरं आहे. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि मला सांगताना तो पूर्ण शुद्धीत होता.

त्याला सगळे सुसाट म्हणत. बोलणं सुसाट, जेवण सुसाट, कीबोर्डवर बोटं तर विचारूच नका. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हर रूम होती, तिथे तो कामाला होता. कामात हुशार, मनाने चांगला, फक्त "झालं!" हा शब्द तोंडातून जरा लवकर निघायचा. आपल्याकडे हा रोग बऱ्याच जणांना आहे, त्यामुळे हसू नका.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेदहाला तो घरातून निघाला तो एका छोट्या थर्मासमध्ये दूध घेऊन. त्याच्या ताईला दहा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. नऊ वर्षांनी. आणि झाली तीसुद्धा सातव्या महिन्यात, दुसऱ्या दवाखान्यात, घाईघाईत. तिथून तिला या हॉस्पिटलच्या काचपेट्यांच्या वॉर्डात आणलं होतं. ताईला अजून धड चालवत नव्हतं, भावोजी नोकरीपायी बाहेरगावी अडकलेले, म्हणून रात्रीचं दूध पोचवायचं काम मामाकडे.

"हलवू नकोस फार," ताई दारात उभी राहून म्हणाली. "आणि आज तिथेच थांब रे. संध्याकाळपासून दोनदा विसरली म्हणे."

"थांबतो की. आणि घाबरतेस कशाला? तिची घंटा तुझ्या भावाच्या हातात आहे."

"म्हणून तर झोप लागते मला," ताई म्हणाली, आणि थर्मासचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

विसरली म्हणजे काय, ते सांगतो. फार लवकर जन्मलेली बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. दुखत नाही, रडत नाहीत, नुसती थांबतात. तेव्हा कोणीतरी जाऊन तळपायावर टिचकी मारायची. बाळ दचकतं आणि पुन्हा श्वास घेऊ लागतं. इतकं सोपं असतं ते, फक्त कोणाला तरी वेळेवर कळायला हवं. म्हणून प्रत्येक काचपेटीतून एक तार तळघरात सर्व्हरकडे जायची. वीस सेकंद श्वास आला नाही की सर्व्हर सिस्टरांच्या टेबलावरची घंटा वाजवायचा. पेट्यांना स्वतःचा आवाज नव्हता, कारण एक पेटी ओरडली की शेजारची चार बाळं दचकायची. सगळी भिस्त त्या तळघरावर.

ही सगळी व्यवस्था उभी केली होती मास्तरांनी. मास्तर हे शिक्षक नव्हते, हॉस्पिटलचे जुने तंत्रज्ञ होते. त्यांना मास्तर म्हणायचे ते त्यांच्या हजेरीमुळे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ते सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत. त्याला दीड मिनिट लागायचं, आणि तेवढा वेळ वॉर्ड आंधळा. मग सगळ्या सिस्टर काचपेट्यांच्या गोल खिडक्यांतून हात आत घालून बाळांच्या छातीवर ठेवायच्या, आणि मास्तर तळघरातून इंटरकॉमवर विचारायचे, "एक?" वरून उत्तर, "आहे." "दोन?" "आहे." घंटा पुन्हा जिवंत होईपर्यंत असं चालायचं. बावीस वर्षांत त्यांनी एक महिना चुकवला नाही.

कशासाठी? तर आत एक घड्याळ होतं, ते सर्व्हर चालू झाल्यापासून सेकंदाचे हजारावे भाग मोजायचं. आणि त्या आकड्याला जागा ठरलेली होती. जुन्या स्कूटरचा मीटर आठवतो? सगळे नऊ झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्यं. तसंच हे. एकोणपन्नास दिवस, सतरा तास, दोन मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद झाले की आकडा भरायचा आणि शून्य व्हायचा. मास्तर तो कधी भरूच देत नसत.

सुसाटला हे अगदीच गावठी वाटलं. मास्तर निवृत्त व्हायच्या दिवशी, तेवीस सप्टेंबरला, मंगळवारीच, सकाळी नऊ वाजता त्याने नवा प्रोग्रॅम चढवला आणि सगळं चालू केलं. आकड्याची जागा इतकी मोठी केली की माणसाच्या सात पिढ्यांत भरणार नाही. त्यासाठी घेतली ती मास्तरांच्या काळातली शेवटची हजेरी. मास्तर बाजूला हात बांधून उभे होते.

"सगळीकडे बदललंस?"

"सगळीकडे."

"भरल्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघितलंस?"

"मास्तर, पन्नास दिवस कोण बसणार बघत?"

"पन्नास कशाला? आकडा शून्यापासून सुरू करूच नकोस. भरायला पाच मिनिटं उरलीत अशा जागी सुरू कर. जागा असशील तेव्हाच भरू दे त्याला. दिवसाउजेडी."

"बघतो," सुसाट म्हणाला.

बघतो म्हणजे काय, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मास्तरांनाही ठाऊक असावं. पंधरा दिवसांनी ते गेले, झोपेतच. सुसाट त्यांच्या घरी जाऊन आला, त्याला खरंच वाईट वाटलं, आणि परत आल्यावर त्याने सिस्टरांच्या टेबलावर एक पाटी लावली. "बंद न पडता आज इतके दिवस." रोज सकाळी तो स्वतः आकडा बदलायचा. त्या रात्री पाटीवर होतं, ४९.

तर, दूध पोचलं. रात्रपाळीला दोघीच होत्या. एक मोठ्या सिस्टर, वीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या, आणि एक नवी, तीन महिन्यांपूर्वी लागलेली. पेट्या पाच. एक-दोन शेजारी शेजारी, तीन-चार समोर, आणि पाच नंबरची पलीकडे, काचेच्या भिंतीआडच्या छोट्या खोलीत. बाहेरून आलेलं बाळ म्हणून काही दिवस वेगळं ठेवलेलं. सुसाटने काचेला नाक लावून भाचीकडे बघितलं. तिची मूठ त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढी होती.

"हजेरी बंद केलीत तुम्ही," मोठ्या सिस्टर दूध मोजता मोजता म्हणाल्या. "बरं झालं म्हणा. पण महिन्यातून एकदा प्रत्येक पोराच्या छातीवर हात ठेवून उभं राहायचं, ते बरं वाटायचं हो. आता सोमवार आला की हात रिकामे वाटतात."

"हातांना आराम द्या. मशीन कशासाठी आहे मग?"

त्याने बाहेरच्या बाकावर बैठक मारली. बारा वाजले. एकदा घंटा वाजली, नवी सिस्टर पाच नंबरकडे धावली, टिचकी मारली, परत आली. त्याने ताईला कळवलं, "घंटा चोख आहे. झोप." मग त्याचाही डोळा लागला.

एक वाजून वीस मिनिटांनी इंटरकॉम वाजला.

नव्या सिस्टरने उचलला. "हॅलो?... कोण हवंय?... राँग नंबर आहे." ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती वैतागली. "अहो, कोणी आजोबा आहेत. नुसतं 'एक?' म्हणतात आणि थांबतात."

मोठ्या सिस्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला सुसाटने बाकावरून बघितला.

"खाली कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे."

"मग हजेरी कोण घेतंय?"

आता सुसाट भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. कोणीतरी चावटपणा करतंय असं म्हणत तो जिना उतरला. तळघराचा बोळ रिकामा. सर्व्हर रूमला कुलूप, जसं त्याने संध्याकाळी लावलं होतं तसंच. उघडलं. आत अंधार, पंख्यांची घरघर, हिरवे दिवे. टेबलावर इंटरकॉमचा रिसीव्हर... काढून बाजूला ठेवलेला. त्यातून बारीक आवाज येत होता. वरून मोठ्या सिस्टर म्हणत होत्या, "हॅलो... मास्तर? हॅलो..."

खुर्ची ओढलेली होती. ती टेबलाकडे तोंड करून नव्हती. रॅकच्या अगदी तळाशी, जिथे कोणी बघत नाही, तिकडे वळवलेली होती.

तिथे एक पत्र्याची पेटी होती. मास्तरांनी स्वतःच्या हाताने बनवलेली, बूट ठेवतात तेवढी. पाचही काचपेट्यांच्या तारा आधी तिच्यात शिरायच्या. सुसाटची समजूत, ती नुसत्या तारा गोळा करते. म्हणून त्याने ती कधी उघडली नव्हती. मास्तर सर्व्हर बंद करायचे तेव्हा तीही बंद करायचे, म्हणून त्यानेही तेवीस तारखेला केली होती, इतकंच.

तो वाकला. पेटीवर बोटभर धूळ होती. धुळीच्या मधोमध एक छोटी खिडकी होती, पुसून लख्ख केलेली. आत लाल आकडे पळत होते. दहा आकडी संख्या, चार अब्ज एकोणतीस कोटींच्याही पुढे गेलेली.

वेळेचा शिक्का सर्व्हर मारतच नव्हता. मारायची ही पेटी. प्रत्येक श्वासावर. जुन्या, छोट्या जागेच्या आकड्यात. त्याने सर्व्हरमध्ये भलंमोठं कोठार बांधलं होतं आणि धान्य येत होतं ते जुन्याच मापट्याने.

त्याने प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ शोधली. सर्वांत मोठा आकडा तो सर्वांत अलीकडचा श्वास, असं त्याने धरलं होतं. साधी गोष्ट, कोणीही धरेल. पण आकडा शून्य झाला की नंतरचे सगळे श्वास लहान ठरणार. मशीन जुना मोठा आकडाच उराशी धरून बसणार. त्याला वाटणार, शेवटचा श्वास अजून यायचाच आहे. बाळ थांबलं तरी घंटा वाजणार नाही. एकाचीही नाही. पडद्यावर पाचही दिवे हिरवे, आणि पुढचे पन्नास दिवस हिरवेच.

तेवीस सप्टेंबर, सकाळी नऊ. त्यात एकोणपन्नास दिवस, सतरा तास, दोन मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद. त्याने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. दोन वाजून दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. आज. भिंतीवरच्या घड्याळात एक एकोणचाळीस झाले होते.

तो वर धावला. काय सांगितलं त्याला आठवत नाही, पण मोठ्या सिस्टरांना दोन वाक्यांत कळलं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर ऑपरेशनमध्ये. वरच्या मजल्यावर लावला, तिथली सिस्टर एका पेशंटला सोडून निघू शकत नव्हती, म्हणाली, सुटले की येते. सुसाटने आपल्या साहेबांना लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"पेटी आणि सर्व्हर दोन्ही बंद करून चालू करतो," तो म्हणाला. "आकडा शून्यावर येईल, पन्नास दिवस मिळतील. दीड मिनिटाचं काम. हजेरी घ्यावी लागेल."

"हात चारच आहेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

एक-दोनच्या मध्ये त्या उभ्या राहणार, दोन्हींत एकेक हात. तीन-चारच्या मध्ये नवी सिस्टर. पाच नंबर काचेपलीकडे. तिथे कोणीच नाही.

"दीड मिनिटच," तो म्हणाला. "चालू केलं की मी धावत वर येतो."

मोठ्या सिस्टरांनी इंटरकॉमचा स्पीकर चालू करून ठेवला. गोल खिडक्या उघडल्या. तो खाली गेला.

एक त्रेपन्नला त्याने दोन्ही बंद केलं. चालू केलं. "एक?" तो इंटरकॉममध्ये ओरडला.

"आहे!"

"दोन?"

"आहे!"

"तीन? चार?"

"आहे... आहे."

पाच त्याने विचारलंच नाही. जिभेवर आलं होतं.

सर्व्हर उठला. दिवे हिरवे. त्याने हुश्श केलं आणि पत्र्याच्या पेटीकडे बघितलं. शून्यापासून निघालेला आकडा आता लाखभर असायला हवा होता. खिडकीत होते... दहा आकडे. चार अब्ज एकोणतीस कोटी.

त्याने पेटी बंद केली. चालू केली. पहिलाच आकडा चार अब्जांच्या पुढचा. पुन्हा बंद. पुन्हा चालू. तोच. अगदी तोच. त्याने कागदावर वजाबाकी केली. भरायला उरले होते तीन लाख. म्हणजे तीनशे सेकंद. पाच मिनिटं.

त्याने घड्याळ बघितलं. शेवटचं चालू केलं तेव्हा एक सत्तावन्न आणि सत्तेचाळीस सेकंद झाले होते. काहीही केलं तरी... दोन वाजून दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद.

'भरल्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघितलंस?'

पोरांनो, ऐका. तो जमिनीवर बसला आणि रडला, लहान मुलासारखा, "मास्तर, चुकलो, मास्तर, चुकलो" करत. कितीही वेळा चालू केलं तरी पाचच मिनिटं मिळणार होती. आता एकच वाट होती. ती ओळच बदलायची. कोणता आकडा मोठा ते विचारायचं नाही, दोघांमध्ये अंतर किती ते विचारायचं. वजाबाकी. वजाबाकीला आकडा उलटल्याने फरक पडत नाही. हे त्याला कॉलेजपासून माहीत होतं.

पण ती ओळ एका जागी नव्हती. सहा जागी होती. आणि तो वर गेला तर ओळ कोण बदलणार? नाही गेला तर पाच नंबरवर हात कोण ठेवणार? चार बाळांवरचे हात तरी असे किती वेळ टिकणार? त्याच्या खिशात मोबाइल थरथरला. ताईचा मेसेज होता. 'झोप येत नाहीये. बरी आहे ना?'

त्याने उत्तर दिलं नाही. तो खुर्चीवर बसला आणि लिहू लागला. हे त्याने मला नंतर सांगितलं. म्हणाला, मी ठरवलं वगैरे काही नाही, माझे पाय उठलेच नाहीत.

पहिली ओळ. दुसरी.

"एक?" "आहे."

तिसरी. बोटं घसरत होती. सुसाट बोटं.

"दोन? तीन? चार?" "आहे... आहे... अहो, किती वेळ?"

दोन वाजून दोन मिनिटं. चाळीस सेकंद. त्याने लिहायचं थांबवलं आणि मान वळवली. बघायलाच हवं होतं. पंचेचाळीस. सेहेचाळीस.

सगळी शून्यं.

काही झालं नाही. आवाज नाही. ठिणगी नाही. पाचही दिवे हिरवे. इतकं शांत... की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

मग स्पीकरवर नवी सिस्टर किंचाळली, "तीन थांबलंय! हाताला लागत नाहीये काही! घंटा का नाही वाजत?"

"टिचकी मार!" मोठ्या सिस्टरांचा आवाज. "हात सोडू नकोस, टिचकी मार!"

क्षणभर काही नाही... मग बारीक रडणं. पडद्यावर तीन नंबर हिरवाच होता. सगळा वेळ हिरवाच.

त्याने चौथी ओळ लिहिली. तोंड इंटरकॉमकडे होतं. कोणाला विचारतोय हे माहीत नसताना त्याने विचारलं.

"पाच?"

काही नाही.

"पाच?"

स्पीकरची खरखर. मोठ्या सिस्टरांचा हुंदका. "कोणी नाही हो तिथे... मला इथून छाती दिसत नाही..."

वीस सेकंद. तीस. पडद्यावर पाच नंबर हिरवा. तो उठला. खुर्ची मागे पडली. दारापर्यंत पोचला.

आणि मागून, इंटरकॉमवर...

टिचकी वाजली. नखाची. कोरडी.

मग एक अगदी बारीक, चिडलेलं रडणं.

मग आवाज. म्हाताऱ्या, सुकलेल्या घशाचा.

"आहे."

तो तिथेच उभा राहिला. मग परत फिरला. पडलेली खुर्ची उचलली. बसला.

पाचवी ओळ. "पाच?" "आहे." सहावी. "पाच?" "आहे." प्रत्येक वेळी तोच आवाज, घाई नाही, चिडचिड नाही. दोन वाजून नऊ मिनिटांनी त्याने नवा प्रोग्रॅम चढवला आणि दोन्ही पुन्हा चालू केलं. पेटी पुन्हा पाच मिनिटं आधीच्याच आकड्यावर उठली. या वेळी त्याने ती पुन्हा बंद केली नाही. तो समोर बसून राहिला, हजेरी घेत, पाचही नंबरांची. आकडा भरला. शून्यं झाली. आणि दोन वाजून सोळा मिनिटांनी वरच्या टेबलावरची घंटा खणखणली. दोन नंबर विसरलं होतं. मोठ्या सिस्टरांनी टिचकी मारली, आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

तो वर पोचला तेव्हा वरच्या मजल्यावरची सिस्टर नुकतीच येत होती. काचेच्या खोलीचं दार ओढलेलं होतं. आत कोणी नाही. भाची झोपली होती, पोट वर-खाली होत होतं.

"पाचला कोणाला तरी पाठवलंत म्हणून सुटलो," नवी सिस्टर घाम पुसत म्हणाली. "कोण होते ते आजोबा?"

मोठ्या सिस्टरांनी सुसाटकडे बघितलं. त्याने ताईला लिहिलं, 'बरी आहे. झोप.' मग टेबलावरची ती पाटी काढली, चार तुकडे केले आणि खिशात घातले.

भाची आता शाळेत जायच्या वयाची झाली. मामाला उलट उत्तरं देते. मोठ्या सिस्टर असेपर्यंत त्या वॉर्डात हजेरी पुन्हा दर पहिल्या सोमवारी होत राहिली, गरज नसताना. तो सर्व्हर बदलला, नंतरचाही बदलला. पत्र्याची पेटी मात्र सुसाटने कोणाला काढू दिली नाही.

त्याच आठवड्यात त्याने ती उघडली होती. एकदाच. झाकणाच्या फटीवर मास्तरांचं लाखेचं सील होतं, बावीस वर्षांपूर्वीच्या तारखेचं. अखंड. त्यावर धुळीचा थर. ते त्याने स्वतः फोडलं, मोठ्या सिस्टरांच्या समोर. आतला प्रोग्रॅम चिपमध्ये कायमचा भाजलेला, बदलताच येत नाही असा. त्याने तो चिपमधून वाचून काढला. एकूण दोनशे ओळी. पहिल्याच ओळीत घड्याळाची सुरुवात लिहिलेली आहे. त्या ओळीचा कागद त्याने मला दाखवला, मी स्वतः वाचला.

तिथे लिहिलंय, शून्य.

आणि ती पेटी चालू करा, आजही, कोणीही, केव्हाही. खिडकीत पहिला आकडा येतो तो ४,२९,४६,६७,२९६. भरायला बरोबर पाच मिनिटं बाकी.